आईसाठी हॉस्पिटलची खाट घ्यायची आहे: हँडलची की मोटरची? आणि रेलिंगचं काय?

शुभदा_साखळी

नमस्कार मंडळी. आई (वय ७८) न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. इथे गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदललाय. पुढच्या आठवड्यात घरी आणायचं आहे. वॉकर धरून चार पावलं टाकते, पण खाटेवरून उठताना आणि बसताना कोणीतरी लागतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठायची सवय जुनी आहे, ती काही सुटणार नाही.

घर साखळी गावात, जुनं, मंगळुरी कौलांचं. खोलीत लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, दार अरुंद, आणि तिथून न्हाणीकडे जाताना एक पायरी उतरावी लागते. आताची खाट आजोबांच्या काळची, शिसवीची. इतकी उंच की आई पूर्वीपासून पायाखाली पाट घेऊन उतरायची. ती तर बादच.

म्हापशाला एका दुकानात तीन प्रकार दाखवले: दोन हँडलची साधी फाऊलर (एका हँडलने पाठ वर होते, दुसऱ्याने गुडघे), तीन फंक्शनची इलेक्ट्रिक, पाच फंक्शनची इलेक्ट्रिक. साधी आणि पाच फंक्शनची यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. भाऊ बोटीवर असतो. तो फोनवर म्हणतो, सगळ्यात महागाची घे, पैशाचं बघू नको. दुकानदार म्हणतो, दोन्ही बाजूंना पूर्ण रेलिंग लावली की पडायचा प्रश्नच मिटला. आणि आई म्हणते, "हांव पडची ना गे, म्हाका पिंजऱ्यांत घालूं नाका." (मी पडणार नाही गं, मला पिंजऱ्यात घालू नका.)

आमच्याकडे पावसात करंट जाणं नेहमीचंच. मोटरची खाट अर्ध्यात अडकली तर? रेलिंग पूर्ण घ्यावी की अर्धी? पडून जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी मिळते, ती एअर मॅट्रेस आतापासूनच हवी का? ज्यांनी घरी पेशंट सांभाळलाय त्यांनी कृपया सांगा.

बाबली_पेडणे

ताई, आधी विकत घेऊ नका. भाड्याने आणा. खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत बराच सुधारतो आणि मग ती लोखंडी खाट पडवीत गंजत पडते, तिच्यावर चवथीची भांडी ठेवायची. आमच्या बाबांना पक्षाघात झाला तेव्हा आम्ही भाड्यानेच आणली.

फक्त चाकं बघून घ्या. आमच्याकडे आलेल्या खाटेच्या चारपैकी दोनच चाकांना ब्रेक होता, आणि त्यातला एक नुसता नावाला. जुन्या घराची जमीन कुठे सपाट असते? बाबांनी काठाला धरून उठायचा प्रयत्न केला आणि खाट भिंतीकडे सरकली. भिंत होती म्हणून निभावलं. ज्याने भाड्याने दिली त्याने फोनवर सांगितलं, चाकाखाली वीट लावा! शेवटी आम्ही चाकं काढून रबरी बूट बसवले. घरात खाट कुठे ढकलत न्यायची असते सांगा? हॉस्पिटलात ठीक आहे.

खाटवाला_म्हापसा

शुभदाताई, फंक्शन किती, मोटर कुठल्या कंपनीची, हे सगळं नंतर. टेप घेऊन दुकानात जा आणि आधी एवढंच विचारा: खाट खाली किती येते? गादीसकट.

माझा धंदा हॉस्पिटलच्या खाटा दुरुस्त करण्याचा, घरोघरी बसवूनही देतो. साधी दोन हँडलची फाऊलर जमिनीपासून साधारण ६० सेंमीवर असते आणि ती उंची बदलत नाही. वर १० सेंमीची फोमची गादी. एअर मॅट्रेस टाकलीत तर आणखी भर. म्हणजे तुमच्या आई सत्तरीच्या वर जाऊन बसणार. आपल्याकडच्या वयस्क बाईचा गुडघा जमिनीपासून चाळीस-बेचाळीसवर असतो. पाय लोंबकळणार, टाचा टेकणार नाहीत, मग ती काठापर्यंत घसरत येऊन अंगठ्याने जमीन शोधणार. खुब्याच्या पेशंटने जे करायचं नसतं ते नेमकं हेच. आजोबांची शिसवी खाट बाद केलीत आणि तेवढ्याच उंचीची लोखंडी आणताय, पाट तेवढा राहिला.

त्या ६० सेंमीत चूक काही नाही. वॉर्डात सिस्टरला न वाकता ड्रेसिंग करता येतं, चादर बदलता येते. पण तिथे रात्री सिस्टर जागी असते.

थोडं मागचं सांगतो, कारण खाटेचं रूप त्यातून कळतं. फाऊलर हे न्यूयॉर्कचे सर्जन. १९०० च्या सुमारास त्यांनी पोटात पू झालेल्या पेशंटला डोक्याकडून उंच ठेवायची पद्धत मांडली, पू ओटीपोटाकडे उतरावा म्हणून. मग १९०९ साली विलिस गॅच या अमेरिकन सर्जनने तुकड्यातुकड्यांची खाट मांडली, पाठ वेगळी उचलायची, गुडघे वेगळे. दुकानातली दोन हँडलची खाट मुळात हीच. पेशंट खाटेवर बसेल कसा, हा त्यांचा प्रश्न होता. खाली उतरेल कसा, हा नव्हता. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात किंग्ज फंड या संस्थेसाठी ब्रूस आर्चर यांच्या गटाने रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये उंची बदलणारी खाट घडवली, नर्सच्या कामाचा बारकाईने अभ्यास करून, आणि १९६७ मध्ये तिकडे खाटेचं प्रमाण ठरलं. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक खाटा अजून गॅचसाहेबांच्याच काळात आहेत.

तुमच्या आईंना एकाच खाटेला तीन उंच्या लागणार आहेत. झोपताना जितकी खाली जाईल तितकी. चांगल्या हाय-लो (उंची कमी-जास्त होणाऱ्या) खाटा ३०-४० सेंमीपर्यंत उतरतात, मोजून घ्या. उठताना मात्र वर: तळवे पूर्ण टेकलेले आणि बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच. सांधा बदललेल्या पेशंटला खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडू देऊ नका असं बरेच सर्जन सांगतात, म्हणून फार खालूनही उठवायचं नाही. तुमच्या डॉक्टरांना विचाराच. आणि तिसरी उंची तुमच्या कमरेची, कपडे बदलायला, पुसायला. हे काम करणारी खाट म्हणजे तिसऱ्या हँडलची मॅन्युअल हाय-लो, नाहीतर तीन फंक्शनची इलेक्ट्रिक. पण ती तीन फंक्शन म्हणजे पाठ, गुडघा आणि उंची हीच ना, हे दुकानात बटण दाबून बघा. पाच फंक्शनमध्ये आणखी काय मिळतं? डोकं खाली-पाय वर आणि त्याचं उलट, अशी अख्खी खाट तिरकी होते. आयसीयूत ठीक. साखळीला नको. भावाला म्हणावं, वाचलेल्या पैशांत न्हाणीत भिंतीला धरायचे दांडे बसव आणि त्या पायरीचं काहीतरी कर. आई पडली ती खाटेवरून नव्हे.

आता रेलिंग. दुकानदाराचं म्हणणं अर्धंसुद्धा खरं नाही. ज्याला उतरायचंच आहे तो माणूस रेलिंगवरून उतरतो, आणि मग साठ ऐवजी नव्वद सेंमीवरून पडतो. दुसरा धोका अडकण्याचा. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे १९८५ ते २००९ या काळात खाटेच्या रेलिंगमध्ये पेशंट अडकल्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या, त्यातले ४८० जण दगावले. बहुतेक म्हातारे, अशक्त किंवा भान हरपलेले. २००६ मध्ये त्यांनी खाटेवरच्या अडकण्याच्या सात जागा सांगितल्या आणि काहींची मापंही दिली. डोकं शिरेल अशी फट १२ सेंमीपेक्षा कमी हवी: दांड्यांच्या मध्ये, रेलिंगच्या खाली, गादी आणि रेलिंग यांच्यामध्ये. रेलिंगच्या टोकापाशी, जिथे मान अडकू शकते, तिथे ६ सेंमीपेक्षा कमी.

घरात जुनी सीडी असेल ना? गाण्यांची, लग्नाची, कुठलीही. तिचा व्यास बरोबर १२ सेंमी. ती घेऊन दुकानात जा. दांड्यांमधून सीडी पूर्ण रुंदीने आरपार गेली तर ती खाट नको. मग गादी हाताने एका बाजूला रेटा, काठ दाबा, आणि दुसऱ्या बाजूला पडलेली फट बघा. पाठ उचलून पुन्हा बघा, कारण पाठ उचलली की फटी बदलतात. बहुतेक वेळा खाट एका दुकानातली, गादी दुसऱ्या, आणि गादी दोन बोटं अरुंद. तिथेच घात होतो.

एअर मॅट्रेसचं असं, की तिचा काठ दाबला की बसतो. फट नसते तिथे फट होते. शिवाय ती जितकी जाड तितकी रेलिंग ठेंगणी. वैद्यकीय खाटांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात रेलिंगचा वरचा काठ गादीपासून किमान २२ सेंमी वर हवा असं आहे. फोमवर एअर मॅट्रेस घातल्यावर टेप लावून बघा काय उरतं.

मी असतो तर डोक्याकडची अर्धी रेलिंग घेतली असती, उठायच्या बाजूला, धरून वळायला. पायांकडची बाजू मोकळी. आईचं म्हणणं रास्त आहे.

घडीची अॅल्युमिनियम रेलिंग असेल तर तिच्या पायथ्याशी स्प्रिंगची खुंटी असते. ओढली की रेलिंग आडवी होते. वर करताना "टक्" असा आवाज आला पाहिजे. खारं वारं आणि पाऊस यांनी ती खुंटी गंजते, अर्धीच आत बसते, वरून मात्र रेलिंग उभी दिसते. म्हणून वर केल्यावर दर वेळी हाताने हलवून बघायची. खाली करताना पेशंटची बोटं कुठे आहेत तेही.

करंटचं भय नको. या खाटांची मोटर म्हणजे आटे असलेला दांडा ढकलणारा पिस्टन असतो. वीज गेली तर खाट आहे तिथे थांबते, धाडकन खाली येत नाही. बॅटरी बॅकअप असलेली घ्या, पण महिन्यातून एकदा खाटेचा प्लग भिंतीतून काढून ती वर-खाली करून बघा. पडून पडून बॅटऱ्या मरतात आणि ते नेमकं जुलैत कळतं. जुन्या घरात आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. रिमोटला लॉक असतं, रात्री लावा, नाहीतर पेशंट त्याच्यावर झोपतो आणि पाठ आपोआप वर जायला लागते. खाट खाली घेण्याआधी वाकून बघायचं: बेडपॅन, स्टूल, मांजर. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाकलेल्या फ्रेममागे बहुतेकदा स्टूल असतं.

हँडलची घेतलीत तर काम झालं की हँडल आत ढकला. बाहेर राहिलं की तुमचीच नडगी फुटणार. आणि आट्यांना ग्रीस लावा, खोबरेल नको. खोबरेल धूळ धरतं आणि थंडीत थिजतं, मग म्हणता हँडल जड झालं.

बाबलीभाऊ, वीट! धन्य आहे. रबरी बूट लावलेत ते उत्तम केलंत.

निवृत्त_सिस्टर_फोंडा

अगं शुभदा, खाटवाल्या भाऊंनी बरंच सांगितलंय, त्यातल्या एका गोष्टीत थोडी दुरुस्ती. "जितकी खाली तितकी चांगली" हे सगळ्यांना लागू नाही. जो पेशंट उभा राहू शकतो त्याला अगदी जमिनीलगत झोपवलं तर तो एकटा उठूच शकत नाही. तीही एक प्रकारे बांधूनच ठेवणं झालं. तुझ्या आईसारखीला झोपताना खाट तिच्या गुडघ्याएवढी किंवा थोडी खाली असली की पुरे. शिवाय खाली झोपलेल्या पेशंटला वाकून उचलता उचलता घरातल्या बाईची कंबर जाते, हे मी वॉर्डात आणि वॉर्डाबाहेर दोन्हीकडे पाहिलंय. उंची बदलायचा कंटाळा केलास तर खाट घेतलीस काय, न घेतलीस काय.

आता खाटेवर बसवायची रीत. दुकानदार बटण दाबून पाठ वर करून दाखवतो आणि आपण खूश. पेशंट खाली घसरतो ते तिथेच. आधी आईला डोक्याकडे इतकं वर घे की तिची कंबर जिथे वाकते तिथे बरोबर खाटेचा सांधा येईल. मग गुडघ्यांचा भाग थोडा उचल. मग पाठ. या क्रमाने केलं तर ती घसरत नाही. उलट केलंस तर अंग खाली जातं, कातडी मात्र चादरीला चिकटून वरच राहते, आणि माकडहाडाजवळ आतून जखम धरते. वरून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. हल्लीच्या काही चांगल्या खाटांत पाठ उचलताना ती मागेही सरकते, त्यामुळे पोट दबत नाही आणि घसरणंही कमी होतं. पैसे घालायचेच असतील तर मी त्याला घालीन.

खुब्याच्या ऑपरेशनचा पेशंट पाठ उभी करून, गुडघे उचलून सरळ ताठ बसवला तर खुबा फार दुमडतो, म्हणून किती अंशांपर्यंत बसवायचं ते डिस्चार्जच्या वेळी विचारून कागदावर लिहून घे. महाग खाटांच्या रेलिंगवर अंशांची छोटी पट्टी असते, आत एक गोळी फिरते. तुझ्या खाटेला नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप पाठीच्या फळीला लावून बघ. एरवी विश्रांतीला पाठ ३० अंशांच्या आत. जेवताना वर, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी लगेच सपाट करू नको. गुडघ्यांचा भाग काम झालं की खाली आण, तासन्‌तास वर ठेवला तर सांधे आखडतात.

एअर मॅट्रेसची घाई नको. ती चालते आहे, कुशीवर वळते आहे, तर चांगली फोमची गादी पुरे. रोज अंग पुसताना माकडहाड आणि टाचा बघ. लाल डाग दिसला तर बोटाने दाब. दाबल्यावर पांढरा झाला तर ठीक, लालच राहिला तर डॉक्टरला दाखव आणि मग मॅट्रेसचं बघ. टाचा मोकळ्या राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी चालेल; फक्त सर्जनने पायांमध्ये उशी ठेवायला सांगितली असेल तर तीही विसरू नको.

आणि रात्रीचं. माणूस खाटेवरून उगाच पडत नाही, लघवीला जायला निघालेला असतो तेव्हा पडतो. झोपण्याआधी एकदा नेऊन आण. रात्री दोनला ती उठतेच, तर तू पावणेदोनला उठ. खाटेशेजारी कमोडची खुर्ची, चांगल्या पायाच्या बाजूला, तीही ब्रेक लावलेली. त्या पायरीवरून रात्री अजिबात न्यायचं नाही. खाटेखाली मंद दिवा लाव. हॉस्पिटलच्या नव्या खाटांत तो आतच बसवलेला असतो, तुला हालचालीवर पेटणारा साधा दिवा पुरेल. आणि दाराची बिनतारी बेल मिळते ना, तिचं बटण आईच्या उशीजवळ, बेल तुझ्या खोलीत. पहिले काही दिवस ती रात्री गोंधळल्यासारखं बोलू लागली तर घाबरू नको, वयस्क माणसांत ऑपरेशननंतर होतं असं, पण डॉक्टरला लगेच कळव. त्या दिवसांत रेलिंग वर करून तिला एकटं सोडणं सगळ्यात वाईट.

शुभदा_साखळी

सगळ्यांचे आभार. आज परत दुकानात गेले, टेप आणि भावाच्या लग्नाची सीडी घेऊन. दोन हँडलची खाट गादीसकट ७१ सेंमी भरली. आईचा गुडघा ४१ वर आहे. तीन फंक्शनच्या इलेक्ट्रिकमध्ये दोन मॉडेल निघाली. पहिल्याची तीन फंक्शन म्हणजे पाठ, गुडघा आणि दोन्ही एकदम! उंची बदलतच नाही. खाटवाले दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर तीच आली असती. दुसरी खरी हाय-लो, गादीसकट ४८ पर्यंत येते. तिच्या रेलिंगमधून सीडी गेली नाही. दुकानदार बघतच राहिला.

४८ चालेल का? आणि तिची फ्रेम आमच्या दारातून जाईल का ही शंका आहे. दार आतून ७६ सेंमी, खाट ९० रुंद.

बाबलीदादा, ती खाट महिन्याच्या भाड्यानेही देतो म्हणाला, आधी तसंच आणते.

खाटवाला_म्हापसा

४८ म्हणजे गुडघ्यापेक्षा ७ वर. उठायला छान, झोपायला थोडी उंच, पण फाऊलरपेक्षा कितीतरी बरी. दुकानात पातळ गादी मागू नका त्यासाठी, फोम १० सेंमीच ठेवा. उतरायच्या बाजूला जमिनीवर चटई, पायपुसणं काही नको, वॉकर अडकतो.

दाराचं सांगतो. डोक्याकडच्या आणि पायांकडच्या फळ्या, रेलिंग, सगळं निघतं. मधली फ्रेम लांबीच्या बाजूने उभी करून तिरकी आत घ्यायची, चौघं लागतात. काही मॉडेलची फ्रेम दोन तुकड्यांत सुटते, ते दुकानात विचारा. मोटरच्या वायरी सोडवताना फोटो काढून ठेवायला सांगा. पाठीची वायर गुडघ्याच्या खोबणीत गेली तर बटण एक आणि हालणार दुसरंच. जोडून झाल्यावर आईला वर चढवण्याआधी रिकाम्या खाटेवर सगळी बटणं एकदा दाबून बघा, आणि मग तुम्ही स्वतः आडव्या होऊन पुन्हा.